आयसीयूच्या खाटा मोजतात, सिस्टर कोण मोजणार?

मुठाकाठ · रविवार, सकाळी १०.०५

हा धागा बरेच दिवस काढायचा होता, पण लिहायला बसले की हात थांबायचा. आज लिहितेच.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात जीबीएसची (गिलन-बारे सिंड्रोम) साथ आली होती, ती पुण्यातल्या लोकांना आठवत असेल. आमच्या घरात तिने माझ्या धाकट्या भावाला गाठलं. वय ३१. सोमवारी पायाला मुंग्या, मंगळवारी जिना चढवेना, बुधवारी चहाचा कप हातातून सुटला आणि गुरुवारी पहाटे तो व्हेंटिलेटरवर होता. एकूण २६ दिवस आयसीयू, त्यातले १७ दिवस व्हेंटिलेटर. हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही, तिथे माणसं चांगली होती आणि माझं भांडण त्यांच्याशी नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. हातपाय लुळे पडतात, मग श्वासाचे स्नायू. मेंदू मात्र टक्क जागा असतो. माझ्या भावाला बोट हलवता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, पण खोलीत काय चाललंय ते सगळं कळत होतं.

पाचव्या दिवशी दुपारच्या सिस्टरने वहीच्या पानावर मुळाक्षरं ओळी करून लिहिली. ओळीवर बोट ठेवायचं, बरोबर असेल तर त्याने एकदा पापणी मिटायची, मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. पहिल्या शब्दाला वीस मिनिटं लागली. 'क' आला. पुढे तो कशालाच पापणी मिटेना. सिस्टर पुन्हा पहिल्या ओळीपासून गेली. तिसऱ्यांदा त्याने 'ल' ला मिटली. कल? काल? मला वाटलं कालचं काहीतरी सांगतोय. सिस्टरने त्याच्या कपाळावरच्या आठ्या पाहिल्या आणि विचारलं, "कळ येतेय का? पाठीत?" त्याने डोळे मिटले ते मिटलेलेच ठेवले, आणि कानाच्या बाजूने पाणी ओघळलं. तिने आणि मावशींनी त्याला कुशीवर वळवलं. पाठीखाली चादर गोळा होऊन तिची दोरीसारखी घडी झाली होती. तिचा वळ दोन दिवस दिसत होता.

आता तीच खोली, तीच यंत्रं, रात्रीची वेळ. ११ खाटा आणि दोन सिस्टर. दहाव्या दिवशी त्याच्या गळ्यातून नळी घातली होती. त्यानंतरच्या एका रात्री ती व्हेंटिलेटरच्या पाइपपासून सुटली. अलार्म वाजला. दोन्ही सिस्टर चार नंबरच्या खाटेवर छाती दाबत होत्या, त्या आजोबांचं हृदय थांबलं होतं. भाऊ वाचला, कारण एक वॉर्डातले मामा काहीतरी न्यायला आत आले आणि त्यांनी ओरडून सांगितलं.

तेव्हापासून मी सरकारी धोरणांची कागदपत्रं वाचतेय. २०२१ च्या पंतप्रधान आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानात ६०२ जिल्ह्यांत क्रिटिकल केअर ब्लॉक बांधायचं ठरलं, ५०, ७५ किंवा १०० खाटांचे. पूर्ण अभियानासाठी ६४,१८० कोटी. २०२४ च्या सुरुवातीला केंद्राच्या आरोग्य विभागाने आयसीयूत कोणाला घ्यावं आणि कोणाला बाहेर काढावं याची मार्गदर्शक तत्त्वं दिली. दोन्ही हवंच होतं. पण बांधकाम आणि दार याबद्दल जेवढं बोललं जातं तेवढं खाटेशेजारी रात्री अडीच वाजता कोण उभं आहे याबद्दल बोललं जात नाही. कागदावर निकष असतात. रात्री अडीचला ते तपासायला कोण जातं?

माझं म्हणणं एवढंच आहे. सरकारने आयसीयूची खाट मोजताना तिच्याजवळची सिस्टर तिन्ही पाळ्यांत मोजावी. रात्री सिस्टर नसेल तर त्या खाटेला आयसीयूची खाट म्हणू नये, नोंदणीत नाही आणि बिलातही नाही.

इथे डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, आपल्या माणसाला घेऊन बाहेरच्या बाकावर बसलेले आहेत. लिहा. यातून सरकारला एक पत्र लिहायचंय.

पेठेतला · रविवार, सकाळी १०.४०

वाचून सुन्न झालो. भाऊ आता कसे आहेत?

मुठाकाठ · रविवार, सकाळी ११.१५

@पेठेतला, चालतो. डावा पाय अजून थोडा ओढतो. कामावर जातो.

रात्रपाळी · रविवार, दुपारी ३.३०

ताई, रात्रीची ड्युटी करून आले, झोपायच्या आधी तुमचा धागा वाचला आणि झोप गेली.

मी १२ वर्षं आयसीयूत आहे, आधी खासगी, आता सरकारी. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला एक सिस्टर, असं क्रिटिकल केअरच्या डॉक्टरांची देशपातळीवरची संघटनाच सांगते. बाहेरच्या लोकांना वाटतं दहा खाटांना दहा सिस्टर ठेवल्या की झालं. हिशेब तसा नाही. एका खाटेला आठवड्याच्या २१ पाळ्या. एक सिस्टर आठवड्याला सहा पाळ्या करते, म्हणजे साडेतीन जणी इथेच लागल्या. त्यात रजा, आजारपण, बाळंतपण, ट्रेनिंग धरा. एका व्हेंटिलेटरच्या खाटेमागे पाच सिस्टर पगारावर असाव्या लागतात तेव्हा कुठे तिन्ही पाळ्यांत एक उभी राहते. व्हेंटिलेटर खरेदीच्या फाइलमध्ये या पाच जणींचं पान असतं का, ते विचारा.

आणि एक सिस्टर काय करते तेही सांगते. सक्शन, म्हणजे नळीतला कफ यंत्राने ओढून काढणं. तासाला लघवी मोजून लिहिणं. दर दोन तासांनी कूस बदलणं, त्याला दोन माणसं लागतात. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवणं, नाहीतर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं. तोंडाची स्वच्छता. चार-पाच पंपांवरची औषधं. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात चोळायला २० ते ३० सेकंद, हात मळलेले असतील तर साबणाने ४० ते ६०.

एका सिस्टरकडे पाच पेशंट आले की यातलं पहिलं काय सुटतं? औषध सुटत नाही, ते कागदावर दिसतं. तोंडाची स्वच्छता सुटते. कूस सुटते. हात धुणं सुटतं. आठव्या-दहाव्या दिवशी पेशंटला न्यूमोनिया होतो आणि नातेवाइकांना सांगतात, "इन्फेक्शन वाढलंय, वरचं अँटिबायोटिक सुरू केलंय." ते वरचं अँटिबायोटिक म्हणजे बऱ्याचदा आमच्या न झालेल्या कामाचं बिल असतं. हे लिहिताना माझे हात थरथरतायत, पण खरं आहे.

तुमच्या भावाच्या रात्री त्या दोघींनी काय करायला हवं होतं, सांगा. चार नंबर सोडायचा होता का? मी त्या जागी उभी राहिलेली आहे. घरी जाऊन तीन दिवस जेवण गेलं नव्हतं.

मुठाकाठ · रविवार, दुपारी ४.१०

@रात्रपाळी, ताई, त्या दोघींबद्दल माझ्या मनात काहीच नाही. त्यातली एक सकाळी माझ्यासमोर रडली होती. आधी झोपा तुम्ही.

उपनगरी · रविवार, संध्याकाळी ७.२०

माझी बाजू मांडतो, राग येणार असेल तरी.

माझं उपनगरात २५ खाटांचं हॉस्पिटल आहे, त्यात सहा खाटांचा आयसीयू. उद्या सरकारने एकास एक सक्तीचं केलं तर मी सहातल्या चार खाटा बंद करेन. माझ्याकडे आज जेवढ्या सिस्टर आहेत त्यातल्या दोघी जर्मन भाषेचा क्लास करतायत, आणि मी त्यांना अडवू शकत नाही, तिथला पगार मी देऊ शकत नाही. तयार केलेली मुलगी दीड वर्षात मोठ्या हॉस्पिटलला किंवा आखाताला जाते. सरकारी योजनेच्या पॅकेजमध्ये आयसीयूचा जो दिवसाचा दर धरलाय त्यात तीन पाळ्यांच्या सिस्टरचा पगार बसत नाही.

माझ्या चार खाटा बंद झाल्यावर रात्री छातीत दुखणारा पेशंट कुठे जाईल? सरकारी ससून रुग्णालयाच्या दारात. तिथली गर्दी तुम्हाला माहीत आहे. अपुरी सिस्टर असलेली खाट वाईट, मान्य, पण खाटच नसणं त्याहून वाईट आहे. नियम करणाऱ्याने पैसा कुठून येणार ते आधी लिहावं.

मुठाकाठ · रविवार, रात्री ८.००

@उपनगरी, राग नाही आला. उलट तुम्ही खरं लिहिलंत. पण एक विचारते. त्या चार खाटांवर तुम्ही दर कुठला लावता? आयसीयूचाच ना? पेशंटचे नातेवाईक काच लावलेल्या दाराबाहेर उभे असतात, त्यांना वाटतं आत कोणीतरी सतत बघतंय. तेवढ्याच विश्वासावर ते दागिने मोडतात. सिस्टर देता येत नसेल तर खाटेचं नाव आणि दर बदला, एवढं तरी व्हायला हवं.

अतिदक्ष · रविवार, रात्री ११.५०

मी इंटेन्सिव्हिस्ट आहे, म्हणजे आयसीयूचा डॉक्टर. @उपनगरी आणि @मुठाकाठ यांचं भांडण सुटू शकतं, आणि त्याची जागा मधल्या वॉर्डात आहे, ज्याला आपण एचडीयू (हाय डिपेन्डन्सी युनिट) म्हणतो.

आज सकाळी माझ्या राउंडला १४ पेशंट होते. त्यातल्या चार जणांना व्हेंटिलेटर नको होता, रक्तदाब टिकवायचं औषध चालू नव्हतं, फक्त नीट लक्ष हवं होतं. त्यांना एचडीयूत तीन जणांमागे एक सिस्टर पुरली असती. आमच्याकडे एचडीयूच्या चार खाटा आहेत आणि त्या भरलेल्या होत्या. जनरल वॉर्डात पाठवायची भीती वाटते, कारण तिथे रात्री ३० जणांना एक सिस्टर. मग पेशंट आयसीयूतच राहतो, त्याचं बिल चढतं, आणि ज्याला खरंच व्हेंटिलेटर हवा तो खाली कॅज्युअल्टीत थांबतो.

केंद्राच्या त्या मार्गदर्शक तत्त्वांकडे म्हणूनच मी चांगल्या नजरेने बघतो. २४ तज्ज्ञांनी ती केली आहेत. आयसीयूत घ्यायचं ते एखादा अवयव निकामी होतोय, त्याला आधार द्यायचाय किंवा प्रकृती ढासळेल अशी रास्त भीती आहे म्हणून. शुद्ध हरपतेय, रक्तदाब टिकत नाही, श्वासाला यंत्र लागतंय, मोठ्या ऑपरेशनमध्ये काही गुंतागुंत झाली. पेशंटची किंवा जवळच्या नातेवाइकाची सहमती नसेल तर घ्यायचं नाही. आणि वाट बघणाऱ्या पेशंटचं काय करायचं तेही लिहिलंय: रक्तदाब, नाडी, श्वासाची गती आणि पद्धत, ऑक्सिजन, लघवीचं प्रमाण, शुद्धी, साखर बघत राहायचं. यातलं श्वास मोजणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. घड्याळ लावून मिनिटभर छाती बघायची. पेशंट कोसळण्याच्या कित्येक तास आधी श्वासाची गती वाढलेली असते, आणि चार्टवर प्रत्येक वेळी '२०' लिहिलेलं असतं, कारण कोणी मोजलेलंच नसतं.

आणखी एक अवघड गोष्ट. कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे, उपचार थांबलेत, तरी मुलगा पुण्याबाहेरून येईपर्यंत आजींना व्हेंटिलेटरवर ठेवा म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटच्या काळात कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. केंद्राच्या तत्त्वांमध्येही असं इच्छापत्र असेल तर आयसीयूत घेऊ नये असं आहे. घरी बसून, सगळे धडधाकट असताना, हे बोलून ठेवा. रात्री दोन वाजता कॉरिडॉरमध्ये हा निर्णय कोणालाच नीट घेता येत नाही. मी शेकडो वेळा पाहिलंय.

हिरडसमावळ · सोमवार, सकाळी ७.१०

तुमचं सगळं पुण्यातलं चाललंय. आमच्याकडचं ऐका.

आम्ही भोर तालुक्यातले. वडिलांना गेल्या पावसाळ्यात रात्री धाप लागली. गावातून भोर, तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि म्हणाले पुण्याला न्यावं लागेल. त्यांच्याच मोबाइलवरून एकेका हॉस्पिटलला फोन. एकीकडे खाट नाही, दुसरीकडे खाट आहे पण व्हेंटिलेटर नाही, तिसरीकडे फोन उचलत नाहीत. चौथ्याने हो म्हटलं. यात पाऊण तास गेला. मग गाडी. १०८ ची ज्या गाडीत सगळी सोय असते ती दुसरा पेशंट घेऊन गेली होती, साधी मिळाली. ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा राज्यात ९३७ गाड्या होत्या आणि त्यातल्या प्रगत जीवरक्षक फक्त २३३. म्हणजे चारात एक. कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात होता. मी तो काटाच बघत होतो, वडिलांकडे बघायची हिंमत नव्हती.

वाचले ते. पण कोविडमध्ये पुणे विभागाचा एक फलक होता, कुठल्या हॉस्पिटलात ऑक्सिजनच्या किती, व्हेंटिलेटरच्या किती खाटा रिकाम्या ते इंटरनेटवर दिसायचं. तेव्हा जमलं ते आता का नको? भोरच्या डॉक्टरने पेशंट बघावा, फोन लावत बसू नये.

रात्रपाळी · सोमवार, सकाळी ९.००

@हिरडसमावळ, अगदी बरोबर दादा. आणि त्या फलकावर रिकाम्या खाटेसोबत 'सिस्टर हजर' असाही रकाना घाला. कोविडमध्ये मोठमोठे मांडव उभे राहिले, खाटा एका महिन्यात आल्या, पण आयसीयूची सिस्टर महिन्यात तयार होत नाही. शिवाजीनगरच्या जम्बो कोविड रुग्णालयात ज्या मुली आल्या होत्या त्यातल्या कितीतरी जणींनी त्याआधी व्हेंटिलेटरला हात लावलेला नव्हता. आम्ही त्यांना उभ्या उभ्या शिकवलं.

क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पदव्युत्तर. माझी एक मैत्रीण तो करून आली. परत आल्यावर पद तेच, पगार तोच, पुढच्या महिन्यात तिला ओपीडीत टाकलं. शिकलेल्या बाईला आयसीयूत राहावंसं वाटेल असं पद सरकारने तयार करावं. आणि अकरा-अकरा महिन्यांचे करार बंद करावेत. करार संपत आला की मुलगी दुसरीकडे अर्ज करत असते, तिचं मन खाटेवर कसं राहील?

यंत्रदुरुस्ती · सोमवार, दुपारी १.२५

मी हॉस्पिटलांची यंत्रं दुरुस्त करतो. थोडक्यात लिहितो.

६ नोव्हेंबर २०२१, नगरचं जिल्हा रुग्णालय, कोविड आयसीयूला आग, ११ मृत्यू. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्यात नवजात बाळांच्या कक्षाला आग, १० बाळं गेली. २३ एप्रिलला विरारच्या आयसीयूला आग. एका वर्षात, एका राज्यात. आयसीयूत ऑक्सिजन हवेत मुरलेला असतो, बंद खोली असते, एसी वर्षभर थांबत नाही, आणि एका प्लगवर तीन पंप, मॉनिटर, वॉर्मर लावलेले असतात. बहुतेक पेशंट उठून पळू शकत नाहीत. आगीचा दाखला भिंतीवर लावून काही होत नाही. रात्रपाळीच्या सिस्टरला विचारा, ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे? तिला माहीत नसेल तर तो आयसीयू सुरक्षित नाही, मग दाखला कसलाही असो.

दुसरं, कितीतरी ठिकाणी मी चांगले व्हेंटिलेटर ५०० रुपयांच्या सेन्सरसाठी किंवा फिल्टरसाठी कोपऱ्यात झाकून ठेवलेले पाहिलेत. खरेदीला पैसे मिळतात, देखभालीच्या कराराला मिळत नाहीत.

हिशेबनीस · सोमवार, रात्री ९.४५

ज्यांच्या घरात आत्ता कोणी आयसीयूत आहे त्यांच्यासाठी लिहितो. मी एका धर्मादाय संस्थेत हिशेब पाहायचो, आता निवृत्त आहे.

धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला पडते. आयसीयूची खाट यातून वगळलेली नाही. समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन जा, आणि पहिल्याच दिवशी जा. बिल झाल्यावर जाणाऱ्याला फार कमी मिळतं.

तातडीच्या पेशंटला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्यात एका गर्भवतीला अनामतीसाठी अडवल्याच्या आरोपावरून जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण नियम त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षण १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला ५ लाखांपर्यंत आहे आणि ते राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, पांढऱ्या कार्डालाही. १५५३८८ वर फोन करून ते हॉस्पिटल योजनेत आहे का आणि तो आजार बसतो का ते विचारा. आरोग्यमित्र दारातच बसलेला असतो.

मुठाकाठ ताई, तुमच्या भावाच्या वेळी महापालिकेने कमला नेहरू रुग्णालयात आणि पिंपरीत वायसीएम रुग्णालयात मोफत सोय केली होती ना?

मुठाकाठ · सोमवार, रात्री १०.३०

@हिशेबनीस, हो, पण ती घोषणा झाली तेव्हा हा आधीच दुसरीकडे व्हेंटिलेटरवर होता, हलवण्यासारखा नव्हता. त्याला औषध लागलं ते वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन, पाच दिवसांत विभागून. हा ६८ किलोचा. कुपी मिळवायला माझे मिस्टर तीन दिवस पुणेभर फिरत होते. एकूण बिल साडेनऊ लाखांवर गेलं. थोडी मदत मिळाली, बाकी कर्ज.

उपनगरी · मंगळवार, सकाळी ८.१५

काल रात्री माझ्या आयसीयूत जाऊन बसलो होतो, एक ते तीन. हा धागा वाचला नसता तर गेलो नसतो. सहा पेशंट, दोन सिस्टर. एकीने पावणेतीनपर्यंत पाणी प्यायलं नव्हतं.

@अतिदक्ष यांचं पटलं. सहातल्या तीन खाटा एचडीयू म्हणून वेगळ्या करतो, दरही वेगळा, आणि रात्रीची सिस्टर एकाने वाढवतो. महिन्याला किती फरक पडेल ते बघतोय. पण सरकारने योजनेच्या दरात सिस्टरचा पगार वेगळा दाखवून द्यावा ही मागणी मी सोडणार नाही, तीही तुमच्या पत्रात घाला.

मुठाकाठ · मंगळवार, सकाळी ९.३०

घालते. पत्र आरोग्य विभागाला आणि महापालिकेला. तीनच मागण्या ठेवतेय: तिन्ही पाळ्यांतल्या सिस्टरची संख्या आयसीयूच्या दारावर रोज लिहायची, अचानक तपासणी रात्री करायची, आणि योजनेच्या दरात सिस्टरचा पगार वेगळा धरायचा. फलकाचं आणि आगीचं वेगळं पत्र करू, एकात सगळं घातलं की कोणी वाचत नाही. @रात्रपाळी ताई, पाच सिस्टरचा तुमचा हिशेब जसाच्या तसा घेऊ का?

रात्रपाळी · मंगळवार, दुपारी २.००

घ्या. माझं नाव नको, नोकरी आहे.

खाट_सात · मंगळवार, रात्री १०.५५

मी मुठाकाठचा भाऊ. तिने कालच धागा दाखवला.

त्या रात्रीचं माझ्या बाजूने सांगतो. पाइप सुटल्यावर आवाज आला तो शिट्टीसारखा, मग अलार्म. छताकडेच तोंड असल्यामुळे चार नंबर मला दिसत नव्हता, पण एका सिस्टरचा मोजायचा आवाज येत होता, "एकवीस, बावीस, तेवीस." मी तिच्याबरोबर मोजत होतो. तीसला ती थांबायची आणि पुन्हा एकपासून. मला कळलं होतं की ती येऊ शकत नाही. चौथ्यांदा बावीसला मामा ओरडले. ते आजोबा पहाटे गेले हे मला दोन दिवसांनी गादी बदलतानाच्या बोलण्यावरून कळलं.

@रात्रपाळी ताई, तुमच्याकडे असे पेशंट येत असतील ज्यांना बोलता येत नाही. आमच्या सिस्टरने केला होता तसा तक्ता मी जाड कागदावर छापून घेतलाय, लॅमिनेट करून, म्हणजे पुसता येईल. वरच्या ओळीत पूर्ण शब्दच टाकलेत: पाणी, थंडी, गरम, सक्शन, कूस, भीती वाटते. ४० प्रती आहेत. कुठे आणून देऊ सांगा. वहीच्या त्या पानावर 'ळ' लिहायचा राहिला होता, म्हणून मला 'ल' वर थांबावं लागलं. या तक्त्यात तो घातलाय.